बेसबॉलच्या वहीतल्या मेडन : तिसऱ्या हंगामाचा हिशोब

पिट्सबर्ग, जानेवारी २०२६

बेसबॉलचा स्कोअर लिहायची तिसरी वही भरली. २०२५ च्या हंगामात आमच्या पिट्सबर्ग पायरेट्स संघाचे ५८ सामने हाताने लिहून झाले. त्यातले १४ संघाच्या मैदानात, पीएनसी पार्कमध्ये बसून, बाकीचे घरी टीव्हीसमोर. पहिल्या वर्षी १९ झाले होते, दुसऱ्या वर्षी ३७. संख्या वाढल्याचा आनंद आहेच, पण त्याहून मोठा आनंद वेगळा आहे. आता चार महिन्यांपूर्वीचं पान उघडलं की तो सामना डोळ्यांसमोर उभा राहतो. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, कुठे दमायला लागला, कुणाला पहिलाच चेंडू बाहेर पडला, बुलपेनचं, म्हणजे बदली पिचर तयार होतात त्या जागेचं, दार कधी उघडलं, सगळं दिसतं. पहिल्या वहीत हे होत नाही. तिथे नुसते आकडे आहेत.

नव्याने लिहायला बसलेल्यांसाठी पद्धत थोडक्यात सांगते. प्रत्येक क्षेत्ररक्षकाला आकडा असतो: पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप ६, मग डावीकडून उजवीकडे ७, ८, ९. शॉर्टस्टॉपने चेंडू दुसऱ्या बेसला दिला, तिथून तो पहिल्या बेसला गेला आणि दोघे बाद झाले, की लिहायचं ६-४-३. तीन स्ट्राइक होऊन बॅटर बाद झाला, म्हणजे स्ट्राइकआउट, त्याला इंग्रजी ‘के’. बॅट न फिरवता बघत उभा राहून बाद झाला तर तोच ‘के’ उलटा.

या ‘के’ची गोष्ट मला फार आवडते. ही खूण हेन्री चॅडविक यांची. १८२४ साली इंग्लंडमधल्या एक्सेटरला जन्मलेले, लहानपणी ब्रुकलिनला आलेले आणि मुळात क्रिकेटचे वार्ताहर. ‘एस’ हे अक्षर त्यांनी दुसऱ्या कामासाठी आधीच वापरलं होतं, म्हणून ‘स्ट्रक’ या शब्दाचं शेवटचं अक्षर घेतलं. बॉक्स स्कोअरची, म्हणजे सामन्याच्या आकड्यांच्या तक्त्याची, मांडणीही त्यांचीच. म्हणजे बेसबॉलची वही क्रिकेटच्या वहीतून निघाली आहे. हे वाचलं त्या दिवशी मला घरी आल्यासारखं वाटलं, कारण माझंही तसंच झालं आहे.

माझे बाबा दादरला राहतात. ते कांगा लीगमध्ये क्लबचे स्कोअरर होते. भर पावसाळ्यातले ते सामने, ओली खेळपट्टी, तंबूत गळणारं पाणी, आणि मांडीवरची वही कोरडी ठेवायची त्यांची धडपड. आठ-नऊ वर्षांची मी शेजारी बसून पेन्सिलींना टोक करून द्यायचे. सहा चेंडूंवर धाव नाही, की सहा ठिपके जोडून त्याचा इंग्रजी ‘एम’ करायचा, ती मेडन. त्यात विकेट पडली तर तेच ठिपके ‘डब्ल्यू’ने जोडायचे. ही जोडाजोड बाबा मला करू द्यायचे.

गेल्या एप्रिलमध्ये मी हीच खूण बेसबॉलच्या वहीत आणली. एका इनिंगमध्ये, म्हणजे तिघे बाद होईपर्यंतच्या पाळीत, तीनच बॅटर आले आणि तिघेही पहिल्या बेसला न पोचता परतले, की त्या तीन चौकटींवरून एक ‘एम’ ओढायचा. माझ्या तिसऱ्या वहीतली सगळ्यात उपयोगी गोष्ट हीच ठरली. पान लांबून पाहिलं तरी पिचरचा दिवस कसा गेला ते कळतं. आपला पिचर पॉल स्कीन्सची पानं तर या ‘एम’नी भरून गेली आहेत.

स्कीन्सबद्दल लिहायचंच आहे, पण त्याआधी या वहीतली सहा पानं, जी मी पुन्हा पुन्हा उघडते. ३० जून ते २ जुलै, सेंट लुइस कार्डिनल्स आपल्या घरी. ७-०, १-०, ५-०. तीन दिवस समोरच्या संघाला एकही धाव नाही. मधला १-० मी मैदानात लिहिला. क्लेमेंटे पूल सामन्याच्या दिवशी गाड्यांना बंद असतो, त्या पुलावरून अॅलेगेनी ओलांडून परत येताना अनोळखी माणसं एकमेकांच्या हातावर टाळ्या देत होती. मग संघ सिअॅटलला गेला आणि ०-६, ०-१, ०-१. आधी तीन सामन्यांत समोरच्यांना शून्य, लगेच पुढच्या तीन सामन्यांत आपण शून्य. शेवटच्या रविवारी स्कीन्सने ५ इनिंग्जमध्ये १० जणांना स्ट्राइकआउट केलं, धाव दिली नाही, आणि तरी आपण हरलो. त्या पानावर एका बाजूला ‘के’ची रांग आहे, दुसऱ्या बाजूला आपल्या बॅटर्सची रिकामी चौकट. २०२५ चा पायरेट्स संघ कुणाला समजावून द्यायचा असेल तर मी ही सहा पानं देईन.

हंगामाचे आकडेही तेच सांगतात. ७१ विजय, ९१ पराभव. मे महिन्यात व्यवस्थापक डेरेक शेल्टन गेले, डॉन केली आले. पूर्ण हंगामात संघाच्या ५८३ धावा आणि ११७ होमरन, दोन्ही सगळ्या ३० संघांत सर्वांत कमी. आणि त्याच संघाच्या पिचर्सनी समोरच्यांना १९ वेळा शून्यावर रोखलं, जे कुणालाच जमलं नाही.

आता स्कीन्स. १८७ पूर्णांक दोन-तृतीयांश इनिंग्ज, २१६ स्ट्राइकआउट, ४१ अर्न्ड रन, म्हणजे पिचरच्या खात्यावर धरलेल्या धावा. ४१ ला ९ ने गुणा आणि इनिंग्जने भागा, १.९७ येतात. हाच त्याचा ईआरए, म्हणजे दर नऊ इनिंग्जमागे दिलेल्या धावा. सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार त्याला एकमताने मिळाला. पायरेट्सकडे हा मान याआधी फक्त दोघांना मिळाला होता, १९६० साली व्हर्न लॉ आणि १९९० साली डग ड्रेबेक. पण बेसबॉलमध्ये विजय-पराभव पिचरच्या नावावरही लिहितात, आणि त्याच्या नावापुढे काय लिहिले आहेत? १०-१०.

या १०-१० वरून बाबांशी माझं मोठं बोलणं झालं. इथला संध्याकाळी ६.४० चा सामना उन्हाळ्यात त्यांच्याकडे पहाटे ४.१० ला लागतो. दूध येईपर्यंत ते दोन-तीन इनिंग्ज बघतात आणि रविवारी फोनवर सगळं विचारतात. मी म्हटलं, “बाबा, एवढा चांगला पिचर आणि दहा पराभव त्याच्या नावावर. १८ मे ला फिलाडेल्फियात आठ इनिंग्ज टाकल्या, तीन हिट आणि एक धाव दिली, नऊ जणांना स्ट्राइकआउट केलं. पूर्ण सामना एकट्याने टाकला आणि हरला १-०.”

बाबा जरा थांबले. म्हणाले, “बापू नाडकर्णींचं मद्रासचं पृथक्करण आठवतं का तुला?”

ते आमच्या घरात कुणालाही झोपेतून उठवून विचारा. जानेवारी १९६४, इंग्लंडविरुद्ध, ३२ षटकं, २७ मेडन, ५ धावा, शून्य विकेट. त्यातल्या २१ मेडन सलग.

“विकेटच्या रकान्यात शून्य आहे,” बाबा म्हणाले, “पण साठ वर्षं लोक काय सांगतात? मेडनच ना? मग तू तुझे ‘एम’ मोज. विजय कुणाचा ते दुसऱ्या दहा जणांवर असतं.” मग दुरुस्ती केली, “तुमच्याकडे दुसऱ्या आठांवर.”

तेव्हापासून मी पानाच्या तळाशी पिचरच्या नावापुढे विजय-पराभव लिहिणं बंद केलं आहे. तिथे आता ‘एम’ किती आणि प्रत्येक इनिंगला चेंडू किती, एवढंच असतं. स्कीन्सचा हंगामातला शेवटचा सामना, २४ सप्टेंबर, सिनसिनाटी, असाच लिहिला आहे: ६ इनिंग्ज, धाव नाही. तो गेल्यावर सामना लांबला आणि आपण जिंकलो, त्याच्या खात्यात काही पडलं नाही. पान मात्र सुंदर आहे.

पुढच्या हंगामाकडे येते, कारण या हिवाळ्यात आमच्या गटात दुसरा विषयच नाही. आमच्या रांगेत बसणारे एक आजोबा आहेत. १९७९ चं जगज्जेतेपद त्यांनी ऐन तारुण्यात पाहिलं आहे आणि त्यानंतरची सगळी वर्षंही. त्यांचं म्हणणं, पिचिंगवर आशा ठेवायची पाळी या गावात फार वेळा आली आहे, आधी धावा करणारे आणा. आमची नागपूरची मैत्रीण उलट बाजूने भांडते: “अगं, हात, म्हणजे पिचर, असतील तर बाकी विकत घेता येतं. हात विकत मिळत नाहीत.”

डिसेंबरमध्ये संघाने मैत्रिणीचं ऐकलं आणि आजोबांचंही. योहान ओविएडो बॉस्टनला गेला, माइक बरोज ह्यूस्टनला. त्या दुसऱ्या व्यवहारात टॅम्पा बेकडून ब्रँडन लाऊ आला, ज्याने गेल्या वर्षी ३१ होमरन मारले. म्हणजे दोन हात देऊन बॅटिंग घेतली. मला हे पटतं. पण आता उरलेल्या हातांवर भार वाढला, आणि माझी काळजी तिथे आहे.

बब्बा चँडलरवर माझी सगळ्यात जास्त आशा आहे. २२ ऑगस्टला कोलोराडोविरुद्ध तो पहिल्यांदा आला तेव्हा मी मैदानात होते. सुरुवात त्याने केली नाही, सहाव्या इनिंगला आला आणि शेवटपर्यंत टाकत राहिला. चार इनिंग्ज, धाव नाही. आघाडी कितीही मोठी असो, शेवटच्या तीन किंवा जास्त इनिंग्ज नीट टाकून सामना संपवला तर पिचरला सेव्ह, म्हणजे विजय राखल्याचं श्रेय, मिळतो, त्या नियमाने पहिल्याच दिवशी त्याच्या नावावर सेव्ह लागला. जॉर्जियाचा हा मुलगा फुटबॉलचा क्वार्टरबॅकही होता. चेंडू शंभर मैलांच्या आसपास जातो, पण ट्रिपल एमध्ये, म्हणजे मुख्य लीगच्या खालच्या पायरीवर, त्याचे वॉक (चार बॉल पडून बॅटरला फुकट मिळणारा पहिला बेस) फार व्हायचे. इथे वर आल्यावर ३१ इनिंग्जमध्ये फक्त ४ वॉक. मिलवॉकीने एकदा त्याला चांगलंच धुतलं, ते पान खोडाखोडीने भरलं आहे. तरी त्याच्या पुढच्या पानांवर पहिल्या चेंडूच्या स्ट्राइकची टिक मी जवळजवळ प्रत्येक चौकटीत केलेली दिसते. मार खाऊनही तो स्ट्राइकच्या पट्ट्यात टाकत राहिला. हे मला त्याच्या वेगापेक्षा मोठं वाटतं.

ब्रॅक्स्टन अॅशक्राफ्टकडे लोकांचं लक्ष कमी आहे. मे महिन्यात आला, कधी बुलपेनमधून, कधी सुरुवातीला, आणि २.७१ चा ईआरए घेऊन हंगाम संपवला. प्रश्न एवढाच की त्याने जेमतेम सत्तर इनिंग्ज टाकल्या. सुरुवातीचा पिचर म्हणून १५० पर्यंत न्यायचं तर जुलैनंतर काय होईल? मिच केलर ६-१५ असला तरी त्याच्यावर राग नको. दर पाचव्या दिवशी उभा राहणारा माणूस म्हणजे बाकीच्यांना मिळालेली विश्रांती. जॅरेड जोन्सच्या कोपराची शस्त्रक्रिया गेल्या मे महिन्यात झाली. तो हंगामाच्या मध्यावर परतला तरी मी देवापुढे साखर ठेवीन, घाई मात्र कुणी करू नये. डावखुरा हंटर बार्को सप्टेंबरमध्ये थोडाच दिसला, त्याचं माझ्याकडे एकच पान आहे.

बुलपेनबद्दल थोडकंच: डेव्हिड बेडनार जुलैअखेर यांकीजला गेल्यापासून नववी इनिंग लिहिताना माझी पेन्सिल जास्त दाबली जाते.

आता लिहिण्याच्या कामाबद्दल, कारण इथे मला तुमची मदत हवी आहे. पिच क्लॉक, म्हणजे चेंडू टाकायची वेळ मोजणारं घड्याळ, आल्यापासून बेस रिकामे असताना दोन चेंडूंमध्ये १५ सेकंद, धावपटू असेल तर आता १८. प्रत्येक चेंडू टिपायचा, स्कोअरबोर्डवरचा वेग बघायचा आणि मान वर करायची, एवढ्यात पुढचा चेंडू येतो. मी वेग लिहिणं सोडलं. बॉलला (पट्ट्याबाहेरच्या, बॅटरने सोडलेल्या चेंडूला) ठिपका, स्ट्राइकला आडवी रेघ, फाउलला (रेषेबाहेर मारलेल्या चेंडूला) तिरकी, बस्स. स्कीन्सच्या स्प्लिंकरसाठी, म्हणजे त्याच्या स्प्लिटर आणि सिंकरच्या मधल्या त्या चेंडूसाठी, रेघेला शेपटी काढायचा प्रयत्न केला होता. टीव्हीवर जमतं, मैदानातून तो ओळखू येत नाही, म्हणून तेही सोडलं. शाईचं पेनही बंद. २बी पेन्सिल पावसात आणि घामात टिकते.

आणि २०२६ पासून नवं प्रकरण आहे. बॉल-स्ट्राइकच्या निर्णयाला आता यंत्राकडे आव्हान देता येणार. प्रत्येक संघाला दोन आव्हानं, बरोबर ठरलं तर ते शिल्लक राहतं. फक्त बॅटर, पिचर किंवा कॅचर मागू शकतो, तेही लगेच, डोक्याला हात लावून. हे लिहायचं कसं? बदललेला निर्णय खोडून नवा लिहिला तर पिचरने मुळात काय टाकलं आणि पंचांनी काय पाहिलं, दोन्ही हरवतं. बाबांना विचारलं. त्यांनी सुचवलं, ठिपका किंवा रेघ तशीच ठेव, भोवती छोटा त्रिकोण काढ. निर्णय बदलला तर त्रिकोण भर, टिकला तर रिकामा ठेव. आव्हान कुणी मागितलं त्याचा आकडा बाजूला, पिचरला १, कॅचरला २. बॅटरसाठी काय लिहावं ते आम्हाला सुचलेलं नाही.

कुणाकडे याहून सुटसुटीत खूण असेल तर कळवा. चौथी वही आखायला मी फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात बसणार आहे, तिकडे फ्लोरिडात ब्रेडन्टनला हंगामापूर्वीच्या सरावासाठी पिचर आणि कॅचर जमतील त्या सुमारास. या वेळी रकाने थोडे रुंद ठेवते, त्रिकोणांना जागा लागेल.