वर कुणी राहतं?

काल पार्सल द्यायला आलेल्या मुलानं दारात उभं राहून विचारलं, "इथं वर कुणी राहतं पण?" खोचकपणे नाही, खरंच आश्चर्यानं. खाली दुकानं, पहिल्या मजल्यावर ऑफिसं, जिन्यात पाट्याच पाट्या. त्याला वाटलं, पत्ता चुकला. मी म्हटलं, "हो, मी राहते." तो गेला, पण त्याचा प्रश्न काही जायला तयार नाही.

ताईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "त्यात एवढं लागण्यासारखं काय आहे?" तेच तर मला कळत नाहीये. मग तिनं नेहमीसारखा इथून हलायचा विषय काढला. तो आज नको.

खरं म्हणजे त्या मुलानं फक्त बोलून दाखवलं. हा सगळा भाग मला रोज हेच विचारत असतो. दिवसा पाय ठेवायला जागा नसते. संध्याकाळी शटर पडायला लागली की तासाभरात सगळं ओसरतं. दिवसभर पार्किंगवरून भांडणारे, गल्ल्याशी रांग लावणारे, आमच्या जिन्यात उभं राहून फोनवर बोलणारे, सगळे घरी जातात. आणि त्यांचं घर दुसरीकडे असतं. चौकातला सिग्नल रात्रभर नुसता पिवळा लुकलुकत राहतो. सुट्टीच्या दिवशी औषधाचं दुकानसुद्धा बंद. बसायला एक बाक नाही. खरेदीला आलेल्यानं बसून काय करायचं, असा हिशेब असणार. इथली प्रत्येक सोय येणाऱ्यांच्या घड्याळावर चालते. राहणाऱ्याचं घड्याळ कुणी धरलेलंच नाही.

रस्ता खोदायला घेतला तेव्हाचा तो फलक तर डोळ्यांपुढून हलत नाही. 'नागरिकांची गैरसोय टाळण्यासाठी काम रात्री करण्यात येईल.' रात्रभर ब्रेकर डांबर फोडत होता आणि खिडकीच्या काचा थरथरत होत्या. जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ मध्ये युरोपसाठी रात्रीच्या आवाजाची मर्यादा सुचवली होती, घराबाहेर वर्षभराची सरासरी ४० डेसिबल. त्या सरासरीत माझ्या खिडकीखालचा ब्रेकर कुठे बसवायचा? पण आवाजाचा राग एक वेळ गिळता येतो. कुणीतरी टेबलाशी बसून विचार केला असेल, रात्री इथं त्रास कुणाला होणार? आणि ठरवलं असेल, कुणालाच नाही. ते 'कुणालाच' माझ्या पोटात अजून खुपतं. आज लिहिताना पुन्हा डोळे भरून आले.

उकाड्याचंही तसंच. रात्री खिडकी उघडली तरी गार वाटत नाही. ढगांच्या प्रकारांना नावं देणाऱ्या ल्यूक हॉवर्डनं १८१८ ते १८२० च्या सुमारास लंडनच्या हवेची निरीक्षणं छापली. शहरातली रात्र आसपासच्या खेड्यांपेक्षा ३.७ अंश फॅरनहाइटनं उबदार असते आणि दिवस मात्र उलट किंचित थंड, असं त्याला आढळलं. भिंती आणि डांबर दिवसभर ऊन पितात आणि रात्री सोडत राहतात. अरुंद गल्लीत आभाळाची चिंचोळी पट्टीच दिसते, म्हणून उष्णतेला वर निघून जायला वाट कमी. गर्दी घरी जाते आणि तापलेल्या भिंती मागे राहतात, आम्हा राहणाऱ्यांसाठी.

लंडनच्या मध्यभागातल्या सगळ्यात जुन्या भागाला नुसतं 'सिटी' म्हणतात. १८०१ च्या जनगणनेत तिथं सव्वा लाखाहून जास्त माणसं राहत होती. २०२१ मध्ये उरली साडेआठ हजारांच्या आसपास, आणि कामाला येणारे पाच लाखांच्या वर. घरापेक्षा कचेरीचं भाडं जास्त मिळतं, रेल्वे आली तसे लोक लांब राहून येऊ लागले, आणि हळूहळू राहणं तिथून निघून गेलं. हे आकडे वाचून मला धीर का आला, सांगता येत नाही. कदाचित यामुळे, की हे माझ्यावर कुणी मुद्दाम केलेलं नाही, हे एकदा समोर लिहिलेलं दिसलं.

मधल्या आकाराच्या शहराचं दुखणं मात्र वेगळं आहे. फार मोठ्या शहरात दिवसाची माणसं गेली की रात्रीची येतात. अगदी लहान गावात दुकानदार दुकानावरच राहतो. मधल्या शहरात जो तो अर्ध्या तासात घरी पोचतो, म्हणून बाजारात राहायची गरज कुणाला नाही. आणि रात्रीला जाग येईल इतकी माणसंही नाहीत. त्या मधल्या फटीत माझं घर आहे.

शहरांवर लिहिणाऱ्या जेन जेकब्जनं १९६१ साली लिहून ठेवलं की रस्ता जिवंत राहायचा तर निरनिराळ्या कामांसाठी, निरनिराळ्या वेळी तिथं माणसं हवीत आणि रस्त्याकडे लक्ष असलेले डोळे हवेत. ऑफिसं सुटली की न्यूयॉर्कचा वॉल स्ट्रीटचा भाग कसा ओस पडतो, हेही तिनं दाखवलं. ती स्वतः त्याच शहरात हडसन स्ट्रीटवर राहायची, खिडकीतून रस्ता बघायची. तिचं म्हणणं मला फार जवळचं वाटतं. मागे एकदा रात्री समोरचं शटर अर्धवट वर राहिलेलं दिसलं, तेव्हा पाटीवरचा नंबर बघून मी मालकांना फोन केला होता. ते धावत आले, हात जोडले आणि म्हणाले, "ताई, तुम्ही एवढ्या रात्री इथं कशा?" प्रश्न तोच. पण तेव्हा लागला नव्हता. उलट बरं वाटलं होतं, दोन दिवस त्याच आनंदात होते.

आज तिथंच अडकले. त्या रात्री मी उपयोगी पडले होते, म्हणून माझं इथं असणं मला शोभलं. काल मी नुसती घरात होते, पार्सल घेत होते. नुसतं राहणं मला पुरेसं का वाटत नाही? जेकब्जच्या डोळ्यांचा आधार वाटतो आणि इथंच तो थोडा खटकतोही. राहणाऱ्यानं पहाराच दिला पाहिजे असं थोडंच आहे? झोपलं तरी तो राहणाराच.

आणि मला इथं आवडतं. हे ताईला कधी नीट सांगताच आलं नाही. पहिलं शटर उघडायच्या आधी रस्त्याच्या मधोमध चालता येतं. वाचनालय, स्टेशन, डॉक्टर, सगळं पायी. कुठल्या महिन्यात कुठल्या भिंतीची सावली फुटपाथवर कितीपर्यंत येते, पहिल्या पावसात पाणी कुठे तुंबतं, हे मला ठाऊक आहे. ते कुणाच्या कामाचं नसलं तरी चालेल. रात्रीचा उकाडा राहील, औषधाचं दुकान सुट्टीच्या दिवशी उघडणार नाही. त्याला माझी हरकत नाही आता, बहुतेक.

खोदकामाला आहे. पुढचा टप्पा आमच्याच बाजूचा आहे, म्हणून अर्ज लिहायला घेतलाय. काम बंद करा असं म्हणायचं नाही; ब्रेकरचं तेवढं संध्याकाळी शटर पडल्यावर लगेच उरका, केबल टाकणं नि बुजवणं रात्री करा, एवढंच. सह्या लागतील. बँकेच्या वरचे आजी-आजोबा नक्की देतील. पलीकडच्या इमारतीत दोन खिडक्यांत उशिरापर्यंत दिवा असतो, तिथं कोण राहतं ते मलाही माहीत नाही. उद्या संध्याकाळी आधी तिथं जाईन.