औंधच्या संगीत महोत्सवाला जाणार असाल तर सकाळीच पोचा

यंदा आत्याला घेऊन औंधला (पुण्यातलं नव्हे, आपल्या सातारा जिल्ह्यातलं) जाऊन आलो, साताऱ्यात राहून इतकी वर्षं नुसतं जायचं जायचं चाललेलं. मागे एकदा गेलेलो पण तेव्हा वाटलं मैफल म्हणजे रात्रीचीच असणार, म्हणून निवांत संध्याकाळी पोचलो आणि सकाळचं सत्र हुकलं. ती चूक तुम्ही करू नका.

कारण खरी गंमत सकाळीच आहे. शहरातल्या कार्यक्रमांत सगळं संध्याकाळी आणि दहाला माईक बंद, मग सकाळचे राग प्रत्यक्ष ऐकायचे कधी? इथे सतरंजीवर बसलो, तानपुरे जुळत होते, गायकाने डोळे मिटून एक तार पुन्हा पुन्हा छेडली, कान लावला, खुंटी जराशी पिळली, परत कान लावला, आणि ती तार जुळली तेव्हा शेजारचे धोतरवाले आजोबा हळूच "हां" म्हणाले. मग तोडी हा सकाळचा राग सुरू झाला. कोमल गंधारावर, म्हणजे जरा उतरलेल्या 'ग'वर, गायक थांबला तेव्हा आत्याने माझा हात घट्ट धरला, ती लहानपणी पेटी शिकलेली, पुढं सुटलं सगळं. मला त्या एका सुरासाठी परत जायचंय.

हा उत्सव 1940 पासूनचा. अंतूबुवा जोशींनी आपले आध्यात्मिक गुरू शिवानंद स्वामी यांच्या स्मरणार्थ सुरू केला. बुवा मूळ आपल्या किन्हईचे, गाण्यात बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य, म्हणजे ग्वाल्हेर घराण्याची गायकी, आणि औंध दरबारचे गायक. पुढं त्यांचे चिरंजीव गजाननबुवा, गाणं आणि व्हायोलिन दोन्हीत मोठं नाव, त्यांनी आणि शिष्यांनी हे चालू ठेवलं. एवढ्याशा गावात एवढी वर्षं गाणं टिकलं, मला तर याचा फार अभिमान वाटतो.

आता कामाचं. कोजागरीनंतरचे दिवस असतात, नक्की तारीख आधी बघून घ्या. साताऱ्याहून कोरेगाव-रहिमतपूरवरून जायचं, स्वतःची गाडी न्या कारण शेवटचं सत्र रात्री उशिरापर्यंत चालतं आणि तेव्हा परतीची एसटी मिळायची नाही. शाल हवीच, रात्री गारठा पडतो. गुडघे दुखणारं कुणी सोबत असेल तर उशी किंवा छोटी घडीची खुर्ची घ्या, आम्ही उशी नेलेली, आत्या दिवसभर बसली. भाकरी-ठेचा बांधून न्या. मोबाईल सायलेंट नाही, बंदच करा, विलंबित ख्यालात, म्हणजे अगदी संथ लयीतल्या गाण्यात, रिंग वाजली की जीव जातो.

दोन सत्रांच्या मधे यमाई देवीचा डोंगर आणि भवानी संग्रहालय उरकता येतं, राजा रविवर्म्याची चित्रं आहेत, हेन्री मूरचं आई आणि मुलाचं शिल्पसुद्धा आहे. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा हा संग्रह, घाईत बघण्यासारखा नाहीये खरं तर, जमलं तर आदल्या दिवशीच मुक्कामाला जा आणि तेव्हाच बघा.

आम्ही भैरवी, म्हणजे मैफलीचं शेवटचं गाणं, होईपर्यंत थांबलो. येताना रहिमतपूरपर्यंत गाडीत कुणी काहीच बोललं नाही, मग आत्या म्हणाली, कपाटावरची पेटी खाली काढून दे रे उद्या.