चिंचोक्याचं झाड

रविवार

पाऊस करजणपर्यंत आलाय म्हणे. इथे बडोद्यात, कारेलीबागेत नुसती चिकचिक. बादलीतल्या माझ्या चिंचेचं बोन्साय करायचंय, म्हणजे उथळ कुंडीत छोटं ठेवलेलं झाड, आणि तिच्या मुळांना हात घालायला मात्र हेच दिवस बरे. मे महिन्याची आग ओसरलेली असते, हवेत ओल असते, झाड वाढीला लागलेलं असतं. आता कापलं तर लवकर सावरतं. थंडीत कापलं तर होळीपर्यंत रुसून बसतं.

सकाळी चहा झाल्यावर गच्चीत बादली आडवी केली आणि चहूबाजूंनी थापट्या मारत फिरवली. रंगाची वीस लिटरची बादली, बुडाला भोकं पाडलेली. सबंध गोळा बाहेर आला. माती दिसतच नव्हती, नुसती मुळं, आणि तळाशी तर ती गोल गोल फिरून त्यांची चुंबळ झालेली. विणकामाची सुई घेऊन कडेकडेने सोडवत बसले. बारीक मुळं ठेवायची, जाड आणि खाली धावणारी कापायची. पाणी ओढतात ती बारीकच. जाड मुळांनी झाड उभं राहतं खरं, पण ते काम तारेनेही होतं. दोन मुळं करंगळीहून जाड होऊन सरळ पाताळाकडे निघाली होती. चिंचेची ही खोडच आहे. रोप वर वीतभर दिसायला लागतं तोवर सोटमूळ खाली त्याहून लांब गेलेलं असतं. ते मी रोप लहान असतानाच छाटलं होतं, म्हणून आज बुंध्याभोवती सगळीकडे पसरलेली मुळं मिळाली. जपानी लोक त्याला नेबारी म्हणतात आणि झाड बघताना आधी तिथे बघतात. मीही हल्ली कुणाकडे बोन्साय दिसलं की वाकून आधी बुडखा बघते. यजमानांना वाटतं, कुंडीची किंमत बघतेय.

सासूबाई खुर्चीत बसून बघत होत्या.

"अगं, निम्मं झाड कापलंस की."

"मुळं कापली, आई. झाड नाही."

"माणसाचे पाय कापले तर माणूस नाही कापला म्हणायचं होय?"

यावर काय बोलणार! मी सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, पुसलं आणि वरचा पालाही उतरवला, निम्म्याहून जास्त. मुळं कमी झाली की सगळ्या पानांना पुरेल एवढं पाणी वर चढत नाही, त्यामुळे दोन्हीकडचा हिशेब जुळवावा लागतो. उथळ ट्रे, भोकावर मच्छरजाळीचा तुकडा, भोकातून तार ओवून झाड ट्रेला बांधलं. विटांचा चुरा दोन भाग, बोडेलीची जाड रेती एक, कुजलेलं शेणखत एक. चुरा आणि रेती चाळून घ्यायची आणि चाळणीखालची पूड फेकून द्यायची. ती राहिली की पाणी अडतं आणि मुळं कुजतात. आपल्याकडची काळी माती तर नकोच. ओली असताना निथळत नाही, वाळली की भेगाळते आणि बारीक मुळं तोडते.

सोमवार

ट्रे उत्तरेच्या बाल्कनीत ठेवलाय. ऊन नाही, वारा बेताचा. बोट खुपसून बघायचं, वरचं सुकलं असेल तरच पाणी. बाकी काही करायचं नाही, आणि मला तेच सगळ्यात जड जातं.

हे झाड बाजारातलं नाही, बरणीतल्या चिंचेचं आहे. सासूबाई दर उन्हाळ्यात वर्षाची चिंच साठवतात. टरफल काढायचं, शिरा ओढायच्या, चिंचोके बाजूला, मग मीठ लावून गोळे बरणीत. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पोरगा घरातच कोंडलेला. त्याला आजीने आपल्या वेळचा उद्योग शिकवला: चिंचोका कोट्याच्या फरशीवर जोरजोरात घासायचा आणि गरम झाला की दुसऱ्याच्या दंडाला चटका द्यायचा. दिवसभर घरात किंकाळ्या. संध्याकाळी केर काढताना घासून एका बाजूला पांढरे पडलेले चिंचोके सापडले. मी ते आणि काही न घासलेले एकाच वाटीत भिजत टाकले. सकाळी घासलेले टम्म फुगले होते, न घासलेले होते तसेच, तपकिरी आणि चकचकीत. वरचं कवच इतकं टणक की ओरखडा पडल्याशिवाय पाणी आत शिरत नाही. चटक्यांच्या खेळाने बियाणं तयार करून ठेवलं होतं.

फुगलेले पेरभर खोल लावले. आठवड्याभरात माती फुटली. कोंब आधी वाकलेला येतो, मग सरळ होताना चिंचोका डोक्यावर घेऊनच उठतो. टोपी पडते, दोन जाड डाळिंब्या उघडतात आणि त्यांच्यामधून पहिलं पान. पहिल्या पानापासूनच दोन्ही बाजूंना बारीक पानांच्या जोड्या, आणि रात्री ती मिटतात. पोरगा टॉर्च घेऊन बघायला जायचा. आता बारावीला बसेल. टॉर्च तेवढा गच्चीत आहे.

या बारीक पानांमुळेच चिंच बोन्सायला धार्जिणी. आंब्याची कोय कितीही प्रेमाने लावा, वीतभर झाडाला वीतभर पान आलं की ते झाड वाटत नाही, मोठ्या झाडाची तोडलेली फांदी वाटते.

आणि एक सांगायचंय, कारण ओळखीतल्या कुणीतरी परवाच ऑनलाइन "बोन्साय बिया" मागवल्या. पाकिटावर निळ्या पानांच्या मेपलचा फोटो. बोन्सायचं वेगळं बी नसतं हो. पाकिटातलं बी खरं असेल तर ते साध्या झाडाचंच, जमिनीत लावलं तर पन्नास फुटी होणारं. निळा मेपल तर जगात कुठेच नाही. साधा जपानी मेपल उगवायलाही त्याच्या बीला आधी दोन-तीन महिने ओली थंडी लागते, ती फ्रिजमध्ये देता येते. पण पुढे बडोद्याचा बेचाळीस डिग्रीचा मे त्याने कसा काढायचा? आपल्याकडे चिंच, वड, पिंपळ, उंबर, बोगनवेल पडून आहेत. फोटोतल्या झाडावर जीव कशाला टाकायचा?

गुरुवार

आज वटपौर्णिमा. शेजारच्या बेन सकाळी दारात. "तमारी पासे वड नथी? नानो, कुंडामां?" गेली काही वर्षं सोसायटीत फांदी तोडून आणण्यापेक्षा कुंडीतला वड पुजायची टूम निघाली आहे, आणि ती मला पटते. पण माझ्याकडे वड नाही. बेन आत आल्या, बाल्कनीतला ट्रे बघितला. "आ तो आंबली छे ने! आंबली तो खेतरमां होय." सासूबाईंना आयताच जोडीदार मिळाला. चिंच कुणी घरात लावतं का, तिच्यावर भूत असतं, तिच्याखाली निजू नये, असं दोघींचं दोन भाषांत एकमत झालं. या चिंचेखाली निजायचं तर मुंगीलाच निजावं लागेल, हे मी मनातच म्हटलं.

बेनना वडाचं रोप देईन म्हटलंय, पण बीपासून नाही. वडाचं बी खसखशीसारखं बारीक, आणि मातीखाली गाडलं तर उगवत नाही, त्याला उजेड लागतो. पाखरं फळं खातात आणि पेरणी तीच करतात. दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यांच्या भिंतींतून दर पावसाळ्यात निघतात तशी रोपं उपटून आणणं सोपं, भिंतीचंही भलं.

मग बेननी विचारलं ते सगळेच विचारतात: एवढ्या वर्षांचं झाड, मग इतके दिवस बोन्साय का नव्हतं दिसत? खरंच नव्हतं. बादलीत होतं तेव्हा पुरुषभर उंच, वेडंवाकडं, घरच्यांच्या मते फेकण्यालायक. बीपासून बोन्साय करताना झाड लहान ठेवायची घाई केली की खोड काडीचं राहतं आणि मग ते कधीच जाड होत नाही. खोड जाड होतं ते वर भरपूर पाला असतो तेव्हा, मोकळ्या मुळांवर. म्हणून आधी वाट्टेल तसं वाढू द्यायचं, मग वरून बुंध्याजवळ आणून कापायचं, फुटवा येऊ द्यायचा, पुन्हा कापायचं. खोडाचा निमुळतेपणा प्रत्येक कापणीनंतर येतो. लोकांना वाटतं, हे झाडाला उपाशी ठेवायचं शास्त्र आहे. माझ्या चिंचेने जमिनीतल्या कुठल्याही चिंचेपेक्षा जास्त शेणखत खाल्लंय.

२०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्रीचं पाणी सोसायटीत शिरलं तेव्हा ही बादली खाली पार्किंगमध्ये होती. शहरात मगरी रस्त्यावर आल्याच्या बातम्या, वीज नाही. आम्ही धान्य, कागदपत्रं, सासूबाईंना वर नेण्यात. पाणी उतरलं तेव्हा बादली गाळाने काठोकाठ भरलेली, पानं सगळी झडलेली. गाळ उपसून पाइपने धुतली आणि कोपऱ्यात ठेवली. नवरात्रात फुटवा आला.

बेन निघताना म्हणाल्या, असं कापून कापून झाड किती जगणार? मी म्हटलं, वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात एक जपानी पांढरा पाइन आहे. १६२५ पासून कुंडीत. १९४५ मध्ये हिरोशिमात होता, बॉम्ब पडला तिथून तीनेक किलोमीटरवर, यामाकी कुटुंबाच्या वाडीत, भिंतीच्या आडोशाला. १९७६ मध्ये त्या कुटुंबाने तो अमेरिकेला भेट दिला. तो अजून आहे. सासूबाईंनी हे सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्याला पाणी कोण घालतं?"

प्रश्न बरोबर आहे. दिवाळीत आम्ही आठ दिवस पुण्याला जाणार, तेव्हा ट्रेला पाणी कोण घालणार हे ठरलेलं नाही. बेनना वडाचं रोप द्यायच्या बदल्यात बघू.

फुटवा अजून नाही. खोडावर नख मारून बघितलं, आत हिरवं आहे. फांद्या वळवायची तार यंदा लावणार नाही, नुसतं कापत जाईन. चिंचेची फांदी एकदा लाकूड झाली की वळत नाही, तडकते. तेव्हा तार लावायची तर हिरव्या फुटव्यालाच, आणि तो पुढच्या पावसाळ्यात.