गाडीत झोपायचं तर गादीआधी हवा

वॅगन आरची मागची सीट पाडली की आपोआप पलंग तयार होतो, असं फोटोंत दिसतं. प्रत्यक्षात तिथे पायरी असते. डिकीचा तळ खाली, दुमडलेली सीट चार-सहा इंच वर, आणि पुढच्या सीटच्या मागे पाय ठेवायची खोल खाच. या तीन पातळ्या सारख्या करणं हे सुताराचं अर्ध्या दिवसाचं काम. ते जमतंच. पण आठवड्याच्या प्रवासात लोक तिसऱ्या रात्री लॉज शोधू लागतात ते गादीमुळे नाही. घाम, डास आणि ओल यांना कंटाळून. म्हणून खर्च आणि डोकं दोन्ही आधी तिथे लावा.

तरी सुरुवात फळीपासूनच करू, कारण गाडी निवडतानाच काही गोष्टी ठरून जातात. वॅगन आरसारखी डब्याच्या आकाराची, उंच छपराची गाडी असेल तर आत बसून शर्ट बदलता येतो. स्विफ्ट किंवा ऑल्टोत ते जमत नाही. तिथे पुढची डावी सीट मागे पाडून एकाने झोपणं इतपतच. कंपनीतून सीएनजी लावून आलेल्या बहुतेक गाड्यांत टाकीच डिकी खाते, त्यामुळे आडवं व्हायची लांबी मिळत नाही. रोजच्या वापराला सीएनजी स्वस्त, पण झोपायला पेट्रोलचीच गाडी बरी.

१२ मिलिमीटरचा प्लाय पुरतो. एका माणसासाठी ५५ सेंटिमीटर रुंद आणि १८० लांब, असा पट्टा डाव्या बाजूला. उजवीकडे सामान. ८ बाय ४ फुटांच्या एका शीटमधून असे दोन पट्टे निघतात. प्रत्येक पट्ट्याचे ६० सेंटिमीटरचे तीन तुकडे करून बिजागऱ्यांनी जोडा म्हणजे दिवसा घडी होते आणि मागची सीट वापरता येते. एका पट्ट्याचं वजन सात-आठ किलो. डिकीच्या बाजूला उंची भरून काढायला झाकणाचे दोन प्लास्टिकचे डबे, पुढच्या खाचेत पाण्याचे कॅन. माप मात्र टेपने स्वतःच्या गाडीत घ्या, तेही पुढची सीट पूर्ण पुढे सरकवून, कारण मॉडेल बदललं की दोन-चार इंच इकडेतिकडे होतातच. ड्रायव्हरच्या बाजूला स्टिअरिंग आडवं येतं, म्हणून लांबी डावीकडे जास्त मिळते. दोघं झोपणार असाल तर उंच माणूस डावीकडे.

प्लायला दर सहा इंचांवर इंचभर व्यासाची भोकं पाडून घ्या. हे काम बहुतेकजण टाळतात आणि पाचव्या दिवशी गादी उचलली की खाली काळी बुरशी दिसते. अंगाची ऊब वरून, थंड फळी खालून, मध्ये घाम साचतो. त्याला बाहेर पडायला वाट हवी. फळीच्या खालच्या कडांना जुन्या योगा मॅटच्या पट्ट्या चिकटवा, नाहीतर प्लास्टिकवर लाकूड घासून खड्ड्यागणिक करकर होते. आणि चालत्या गाडीत फळी मोकळी ठेवू नका. जोरात ब्रेक लागला की ती थेट ड्रायव्हरच्या मानेवर येते. सीटबेल्टच्या खालच्या हुकाला नाहीतर आयसोफिक्सच्या, म्हणजे लहान मुलांची सीट अडकवायच्या, कडीला पट्ट्याने आवळा.

फोम दोन इंचांचा, ४० डेन्सिटीचा. ३२ चा घेतला तर कमरेखाली दबून फळी लागते. खोळ सुती, रेक्झिन अजिबात नको. कोकणात तर गादीवर चादरीऐवजी चटई टाकावी. याच्याइतका स्वस्त आणि परिणामकारक उपाय दुसरा नाही.

सीट कायमची काढून टाकायचा मोह आवरा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपुस्तकात लिहिलेल्या तपशिलात फरक पडेल असा बदल चालत नाही, आणि आसनसंख्या हा तिथला तपशील आहे. उचलून बाहेर ठेवता येणारी फळी म्हणजे सामान. काचांचंही तसंच. काळ्या फिल्मवर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये बंदी घातली, म्हणून आडोशासाठी काचेच्या मापाचे चंदेरी फोमशीटचे तुकडे कापा, थांबल्यावर लावा, निघताना काढा. माप काचेपेक्षा अर्धा सेंटिमीटर मोठं घेतलं की ते चौकटीत घट्ट बसतात, सक्शन कपांची कटकट नको. उन्हात ते कप सुटतातच.

आता हवा. बंद गाडीत दोन माणसं रात्रभर श्वास सोडतात, त्यातली वाफ सकाळी काचांवरून ओघळते, ती चादरीतही जिरते. एकच काच खाली करून हवा खेळत नाही. एक पुढची डावी, एक मागची उजवी, अशा समोरासमोरच्या तिरक्या दोन काचा दीड-दोन इंच उघड्या हव्यात. दारांवर व्हायझर, म्हणजे काचेच्या वरच्या कडेला प्लास्टिकच्या पट्ट्या, बसवलेले असतील तर पावसातही इंचभर काच खाली ठेवता येते. पैसे मोजकेच असतील तर पॉवर बँकेच्याही आधी व्हायझर घ्या.

डासांसाठी बारीक नायलॉनच्या जाळीची पिशवी शिवून घेतात, दाराच्या वरच्या चौकटीवर उशीच्या अभ्र्यासारखी चढवायची. रुंदी चौकटीपेक्षा दोन इंच जास्त, तोंडाला इलॅस्टिक, कोणताही शिंपी करून देईल. कोरड्या हवेत ही पद्धत झकास. पावसात मात्र फसते, कारण जाळीचं कापड दार आणि रबरी बीडिंग यांच्यामधून आत येतं आणि वातीसारखं पाणी ओढतं. सकाळी सीट ओली आणि दोष जातो बीडिंगला. पावसाच्या दिवसांत जाळी आतून लावा. दाराच्या चौकटीचा पत्रा उघडा असेल तर कडेला शिवलेले चुंबकाचे तुकडे पुरतात, पत्रा झाकलेला असेल तर वेल्क्रो. जाळीने वारा बराच अडतो, म्हणून पंखा लागतोच.

पंखा यूएसबीवर चालणारा, ५ वॉटचा. २०,००० एमएएचच्या पॉवर बँकेत कागदावर ७४ वॉट-तास असतात, हाताला साधारण ६० लागतात; म्हणजे बारा तास पंखा. दोन पंखे असतील तर एक उघड्या काचेजवळ तोंड बाहेर करून ठेवा. तो आतली दमट हवा बाहेर फेकतो, समोरच्या काचेतून ताजी हवा आपोआप आत येते. दुसरा अंगावर. एकच असेल तर अंगावर. पॉवर बँक गाडी चालताना १२ व्होल्टच्या सॉकेटवर भरा, १८ वॉटच्या चार्जरला पाच-सहा तास लागतात. ती डॅशबोर्डवर तापत ठेवू नका, सीटखाली सावलीत ठेवा. गाडीच्या बॅटरीवर रात्रभर काहीही चालवायचं नाही. ती इंजिनला धक्का देण्यापुरती बनवलेली असते, अर्धीअधिक उपसली की सकाळी स्टार्टर नुसता टकटक करतो, आणि वारंवार उपसली की कायमची खराब होते.

एसी लावून झोपण्याबद्दल स्पष्टच लिहितो. करू नका. उभ्या गाडीच्या इंजिनाचा धूर सायलेन्सरच्या गळक्या जोडातून, भिंतीला आपटून किंवा वाऱ्याने आत येऊ शकतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. झोपलेला माणूस जागाच होत नाही. दर वर्षी अशा बातम्या येतात. जिवाचं बाजूला ठेवून नुसता हिशेब केला तरी तासाला पाऊण लिटर धरून आठ तासांचं सहा लिटर पेट्रोल जळतं. सहाशे रुपयांच्या वर. तेवढ्यात पंख्याची खोली मिळते. गाडीत स्टोव्ह पेटवणंही याच कारणाने बाद. गॅसचे छोटे डबे तर दिवसा उन्हात उभ्या गाडीत ठेवणंच धोक्याचं. त्यांच्यावर ५० अंशांच्या आत ठेवा असं छापलेलं असतं, आणि मे महिन्यात बंद गाडी सहज त्यापुढे जाते.

उकाड्यावरचा खरा उपाय यंत्रात नाही, नकाशात आहे. उंची हजार मीटरने वाढली की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. आंबोली सातशे मीटरच्या आसपास, म्हणजे खाली सावंतवाडीत जीव कासावीस होत असताना वर चार अंशांनी सुसह्य. आंबा घाट, गगनबावडा, तीच गोष्ट. किनाऱ्यावर गाडीत झोपायचे महिने डिसेंबर ते फेब्रुवारी. मार्चपासून मुक्काम घाटमाथ्यावर करा. मेमध्ये कोकणात गाडीत झोपणं ही हौस नव्हे, हट्ट आहे. पावसाळ्यात घाटरस्त्याच्या कडेला दरडीखाली किंवा ओढ्याच्या मोरीजवळ थांबायचंच नाही.

थांबायचं कुठे? महामार्गावरचा मोठा पेट्रोल पंप पहिली रात्र काढायला उत्तम. स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी, हवा फुकट, कॅमेरे, उजेड. आधी पेट्रोल भरा, मग विचारा. टँकर रिकामा करायच्या जागेपासून आणि ट्रकांच्या रांगेपासून दूर लावा, आणि तिथे कसलाही स्टोव्ह पेटवू नका. गावात शिरलात तर अंधार पडायच्या आत पोलीस पाटलाला किंवा देवळाच्या गुरवाला भेटा. नाव सांगा, किती रात्री ते सांगा. अनोळखी गाडी रात्री अकराला दिसली की गाव जागं होतं. सातला विचारून लावलेल्या गाडीकडे कोणी बघत नाही. किनाऱ्यालगतच्या घरगुती निवासवाल्यांना अंगणात गाडी लावण्याचे आणि सकाळच्या बादलीभर गरम पाण्याचे पैसे द्यायला तयार असाल तर बरेचजण हो म्हणतात. रात्री जेवण त्यांच्याकडेच घ्या, मग बोलणं सोपं जातं. गोव्यात २०१९ च्या कायदादुरुस्तीनंतर पर्यटन स्थळांवर उघड्यावर स्वयंपाक केला तर दंड होतो, तिकडे स्टोव्ह बाहेर काढूच नये.

माडाखाली गाडी लावू नका. नारळ पडला की काच जाते, आणि झावळीही काही हलकी नसते.

खाडीकाठी किंवा पुळणीलगत लावताना तिथी बघा. कोकणात पूर्वापार हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ येते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाला भरती आणि बाराला ओहोटी. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येचं उधाण, सगळ्यात वर चढणारं पाणी, नेमकं तुम्ही गाढ झोपलेले असताना येतं. संध्याकाळी सहाला जी वाळू कोरडी ठणठणीत दिसते, ती ओहोटीची असते. वाळूवर गाडी घालायचीच नाही हे उत्तम. अडकलीच तर ॲक्सिलरेटर दाबत बसू नका, चाक तेवढंच खाली जातं. चाकांपुढची वाळू हाताने काढा, हवा १८ ते २० पीएसआयपर्यंत उतरवा, पायपुसणी चाकाखाली घाला आणि दुसऱ्या गिअरमध्ये हळू बाहेर काढा. मग हवा भरून गोड्या पाण्याने खालचा भाग धुवा.

झोपताना गाडी आतल्या बटणाने लॉक करा, रिमोटने नको. रिमोटने लॉक करून आतून दार उघडलं की सायरन वाजतो आणि अख्खा आवार उठतो. ड्रायव्हरची सीट रिकामी, किल्ली ठरलेल्या एकाच जागी, गाडीचं तोंड रस्त्याकडे. रात्री निघावंसं वाटलं तर खाली उतरावं लागू नये. इंजिनाची धग तासभर आत येत राहते, म्हणून गाडी लावल्यावर आधी जेवा, मग अंथरूण.

जेवणात चुलीशिवाय किती भागतं ते बघा. दडपे पोह्यांना विस्तव लागत नाही. पातळ पोहे, ओलं खोबरं, कांदा, लिंबू, घरून आणलेली फोडणी. दशम्या दोन दिवस सहज टिकतात, शेंगदाण्याची चटणी आठवडाभर. चहाच्या टपरीवरून लिटरभर उकळतं पाणी थर्मासमध्ये भरून घेतलं तर घरी भाजून आणलेल्या रव्याचा उपमा दहा मिनिटं झाकून होतो. मग दुपारचं एक जेवण खानावळीत. पाणी २० लिटरच्या एका जारऐवजी पाच-पाचच्या चार कॅनमध्ये ठेवा. जार एकट्याने उचलता येत नाही आणि फुटला तर सगळंच जातं.

पैशांचा घोळ पेट्रोलमध्ये होतो. लिटरला १८ किलोमीटर आणि दर १०५ रुपये धरला तर रोज दीडशे किलोमीटर फिरणाऱ्याचे पावणेनऊशे रुपये जातात, म्हणजे खोलीचे वाचवलेले पंपावर. एका जागी दोन रात्री, आणि सरासरी रोजचे साठ-सत्तर किलोमीटर, एवढं पाळलं की खर्च निम्म्याहून खाली येतो. किनाऱ्याने जाताना खाड्यांवर जंगलजेटी, म्हणजे गाड्या नेणारी फेरीबोट, वापरा. दाभोळ-धोपावे, आगरदांडा-दिघी, जयगड-तवसाळ इथे गाडीसकट पलीकडे जाता येतं, आणि दाभोळचा तर चिपळूणकडून पडणारा सगळा वळसा वाचतो. शेवटची फेरी किती वाजता ते दुपारीच विचारून ठेवा. ती चुकली तर वळसा नाहीतर धक्क्यावरच मुक्काम.

सकाळी निघण्यापूर्वी चारही दारं पंधरा मिनिटं सताड उघडी, गादी उभी, काचा आतून सुती फडक्याने कोरड्या. ओले टॉवेल गाडीत वाळत घालू नका, त्यातलं पाणी रात्री पुन्हा काचांवरच दिसतं. ते मागच्या काचेच्या वायपरला बांधून ठेवले तर दुपारपर्यंत वाळतात, फक्त निघताना काढायला विसरू नका.