वरूडचा पोट्टा, फ्लोरिडाची यॉट

संत्र्याच्या आंबिया बहाराचे सौदे सुरू असतानाच एका पोट्ट्याच्या अमेरिकी व्हिसाची ही फाइल माझ्या टेबलावर आली. पोट्टा पंचविशीच्या आतला, एसटीसीडब्ल्यूचे, म्हणजे खलाशांच्या आंतरराष्ट्रीय प्रशिक्षणाचे, प्राथमिक कोर्स झालेला. फ्लोरिडातल्या एका खासगी यॉटवर (हौसेच्या आलिशान बोटीवर) डेकहँडचं, म्हणजे डेकवरच्या खलाशाचं, काम ठरलेलं. सोबत मामा, आणि बगीच्याच्या इसारातून एजंटाला दिलेल्या रकमेची चिठ्ठी.

"विसा तं झाल्यातच जमा हाय भाऊ," मामा म्हणाले, "बोटीचं परमिट आलं ना!"

परमिट खरंच होतं. अमेरिकी कस्टम्सचं क्रूझिंग लायसन्स, मार्शल आयलंड्सच्या झेंड्याखालच्या बोटीच्या नावाचं. पण हा कागद बोटीचा. ठरावीक देशांच्या खासगी यॉटना तो मिळतो. भारतीय झेंडा त्या यादीत नाही. तो असला की दर बंदरात येण्या-जाण्याची रीतसर कागदोपत्री परवानगी (एन्ट्री-क्लिअरन्स) आणि त्याची फी टळते, पोचल्याची वर्दी मात्र द्यावीच लागते. मुदत एक वर्ष. संपली की बोट अमेरिकेबाहेर न्यायची, 15 दिवस जाऊ द्यायचे आणि परदेशी बंदरातून परत आणायची, तेव्हा नवा मिळतो. बोटीवर कोण काम करतो, त्याच्याकडे व्हिसा आहे की नाही, याच्याशी त्या कागदाचा काडीचा संबंध नाही.

खरी गोम डीएस-160 मध्ये, म्हणजे अमेरिकी व्हिसाच्या ऑनलाइन अर्जात, निघाली. एजंटाने व्हिसाचा प्रकार सी-1/डी, म्हणजे जहाजावरच्या खलाशांचा, टाकला होता. मालवाहू जहाजावर जाणाऱ्या पोरांचे फॉर्म भरून हात बसलेला, त्यामुळे 'जहाज म्हटलं की सी-1/डी' हे डोक्यात पक्कं. डी व्हिसावर खलाशाला जास्तीत जास्त 29 दिवस राहता येतं, कारण त्याचं जहाज माल उतरवून निघून जाणार असं गृहीत धरलेलं असतं. खासगी यॉट हिवाळाभर तिथेच नांगर टाकून असते. म्हणून तिच्या कर्मचाऱ्याला बी-1, म्हणजे कामकाजासाठी तात्पुरतं येणाऱ्याचा व्हिसा, लागतो. अट अशी की बोटीचं मूळ बंदर परदेशातलं हवं, अमेरिकी पाण्यात ती 29 दिवसांपेक्षा जास्त फिरणार असावी, आणि माणसाचं घरदार मायदेशात असावं.

पाठवलेला डीएस-160 दुरुस्त होत नाही. नवा भरायचा, आणि त्याचाच बारकोड मुलाखतीच्या नोंदीला जोडायचा. जुना राहिला तर दारावरूनच परत. भरलेली फी मात्र परत मिळत नाही. हे ऐकून मामांनी एजंटाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मला जास्त राग चिठ्ठीवरच्या 'सेवाशुल्का'चा आला. खलाशाकडून नोकरी लावून देण्याचे पैसे घेणं भारतात नियमबाह्य आहे, आणि भरती करणाऱ्याकडे नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा, परवाना लागतो. परवानाधारकांची यादी त्यांच्या संकेतस्थळावर आहे. या बहाद्दराचं नाव तिथे नव्हतं. नोकरी तेवढी खरी निघाली, हे नशीबच.

मग कप्तानाचं पत्र पाहिलं. दोन ओळींचं: 'हा आमच्या बोटीवर काम करणार आहे, कृपया व्हिसा द्यावा.' असल्या पत्राने काहीच सिद्ध होत नाही. रात्री साडेआठला, म्हणजे तिकडच्या सकाळी अकराला, फोन लावला आणि नवं पत्र मागवलं. बोटीचं नाव, झेंडा, नोंदणी क्रमांक, मूळ बंदर, नोव्हेंबर ते एप्रिल कुठे-कुठे, त्यानंतर कुठल्या देशात, काम काय, पगार कोण, कुठल्या देशातून देणार, परतीचं भाडं कोणाचं. पगार अमेरिकेबाहेरून येतो ही ओळ कप्तान विसरला होता, ती पुन्हा घालून घेतली. इकडून सातबारा, आईवडिलांची कागदपत्रं आणि कोर्सचे दाखले जोडले.

अमरावती एक्स्प्रेसने दोघे मुंबईला गेले. आधी एक दिवस बोटांचे ठसे, मग बीकेसीतल्या अमेरिकी वकिलातीत मुलाखत. त्याला बजावलं होतं, "फिरायला चाललो असं चुकूनही बोलायचं नाही. यॉटवर काम, पगार बाहेरून, काम संपलं की घरी." पासपोर्टवर बी-1/बी-2 असा जोड व्हिसा आला; बी-2 म्हणजे पर्यटकाचा.

इथेच बहुतेकांची गफलत होते. व्हिसा जोड असला तरी विमानतळावरचा अधिकारी दोन्हींपैकी एकाच प्रकारात प्रवेश देतो. तुम्ही गप्प राहिलात तर तो पर्यटक समजून बी-2 करू शकतो, आणि बी-2 वर डेक धुतला तरी ते बेकायदा काम. म्हणून कप्तानाचं पत्र बॅगेत न ठेवता हातात ठेवायचं, 'यॉट क्रू, बी-1' असं स्पष्ट सांगायचं आणि शिक्का मारला असेल तर खिडकीपासून हलण्याआधी तो वाचायचा. नंतर आय-94 ची, म्हणजे अमेरिकेतल्या प्रवेशाची, नोंद ऑनलाइन काढून प्रकार आणि तारीख ताडून पाहायची. व्हिसाची मुदत काहीही असो, मुक्काम आय-94 वरच्या तारखेपर्यंतच.

पोट्ट्याने आय-94 व्हॉट्सॅपवर पाठवली: बी-1, सहा महिने. आता एप्रिलनंतरचं काम उरलंय. बोट भूमध्य समुद्रात जाणार. युरोपीय संघाबाहेरच्या यॉटला तिथे आयात कर न भरता 18 महिने राहता येतं. पण शेंजेनच्या, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांच्या सामाईक, अल्पमुदतीच्या व्हिसावर माणसाला 180 दिवसांत 90 दिवसच. तेव्हा त्याची सुट्टी कधी लावायची, हे कप्तानाशी फेब्रुवारीतच बोलून घ्यावं लागणार.