तुम्ही विचारलंत म्हणून: समुद्रगवताचे छप्पर

आमच्या दिवाणखान्यात एका ठेंगण्या घराचे छायाचित्र आहे. त्यावरचे करडे, केसाळ छप्पर इतके जाड आहे की घरापेक्षा छप्परच मोठे वाटावे. येणारा बहुतेक प्रत्येक पाहुणा विचारतो, "हे गवत कसले, आणि ते पावसात कुजत नाही का?" उत्तर मिठापासून सुरू होते, त्यामुळे चहा संपला तरी ते संपत नाही, म्हणून एकदा लिहूनच ठेवतो.

घर डेन्मार्कमधील लेसो बेटावरचे आहे. कॅटेगॅट समुद्रातले हे सर्वांत मोठे बेट असले तरी वस्ती सुमारे १,८०० माणसांची. फ्रेडरिक्सहाउनहून बोटीने दीड तासात तेथे पोहोचता येते. हिमयुगानंतर समुद्रतळ हळूहळू वर येऊन हे बेट तयार झाले. त्याचा दक्षिण भाग इतका सपाट आहे की समुद्राचे पाणी आत शिरते, उन्हाळ्यात आटते, आणि उरलेला खार झिरपत जाऊन खालच्या चिकणमातीवर साठतो. तेथे थोडे खणले तरी जे पाणी लागते, त्यात मीठ १० टक्क्यांहूनही अधिक असते.

आपल्याकडे मिठागरात आटवण्याचे काम ऊन फुकट करते. तेवढे ऊन लेसोच्या नशिबी नाही, म्हणून मध्ययुगापासून तेथील लोक हे खारे पाणी मोठ्या कढयांत उकळून मीठ काढत. मासे आणि मांस टिकवायला मीठ लागेच, त्यामुळे गिऱ्हाइकाची वाण नव्हती. वाण पडली ती जळणाची. शेकडो वर्षे भट्ट्या पेटत राहिल्या, जंगल संपले आणि मोकळी झालेली वाळू वाऱ्याबरोबर शेतांवर पसरू लागली. अखेर १६५२ मध्ये मीठ उकळण्यावर बंदी आली, पण तोवर उशीर झाला होता.

आता घर बांधायचे कशाने? लाकूड नाही, शाकारणीला पुरेसा पेंढा नाही. मग जे होते ते समुद्राकडूनच घेतले गेले: भोवतालच्या उथळ पाण्यात फुटलेल्या जहाजांची लाकडे तुळयांना, आणि किनाऱ्यावर वाहून येणारे समुद्रगवत छपराला. डॅनिश भाषेत त्याला 'ओलेग्रेस', म्हणजे वाम माशाचे गवत म्हणतात. आपल्या 'ओले'शी त्याचा काही संबंध नाही, उलट ते आधी नीट वाळवावे लागते. पुरुष जहाजांवर असत, त्यामुळे शेतीबरोबर हे कामही बायकांच्याच हाती होते. गवताला पीळ देऊन त्यांनी जाड पेंड्या वळायच्या, त्या खालच्या रिपांना घट्ट बांधायच्या आणि वर मोकळ्या गवताचे थर रचत जायचे. वळचणीखाली उभे राहून मी त्या पेंड्यांना हात लावून पाहिला. स्पर्श जुन्या काथ्यासारखा कोरडा, आणि पीळ अजून पक्का.

तर पाहुण्यांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे: गवतात मुरलेल्या मिठामुळे ते सहसा कुजत नाही, लवकर पेटही घेत नाही. अशी छपरे दोन-दोनशे वर्षे टिकली आहेत. मिठानेच जंगल खाल्ले आणि मिठानेच छप्पर राखले, हे मला त्या बेटावर उभे राहीपर्यंत उमगले नव्हते.

१९३० च्या दशकात रोग पडून हे समुद्रगवत जवळजवळ नाहीसे झाले. त्यामुळे दुरुस्ती अडली, आणि पूर्वी बेटभर दिसणारी ही छपरे आता थोड्याच घरांवर उरली आहेत. अलीकडे त्यांची पुन्हा शाकारणी होते आहे. त्यासाठी लागणारे गवत मात्र डेन्मार्कच्या इतर किनाऱ्यांवरून आणावे लागते.