आधी लघवी, मग कागद

सकाळी पावणेअकराला मैत्रिणीचा हात धरून ती कॅज्युअल्टीत आली. रात्री अकरापर्यंतचं तिला लख्ख आठवत होतं. पुढचं थेट सकाळी आठचं, स्वतःच्या पलंगावरचं. दोन पेग घेतले होते, आणि दोन पेगांनी तिला एवढी कधीच चढली नव्हती. पेयात कुणीतरी गुंगीचं औषध मिसळलं असावं, असा संशय होता. जीभ अजून जड, पाय लटपटत होते, रडणं थांबत नव्हतं.

ड्युटीवरचा ज्युनिअर कनवाळू, हीच अडचण. तिला शांत करायला त्याने मिडॅझोलॅमची, म्हणजे बेन्झोडायझेपिन गटातल्या गुंगीच्या औषधाची, अँप्यूल हातात घेतली होती. मी थांबवलं. ज्या गटाचं औषध शोधायचंय त्याच गटाचं इंजेक्शन आपणच दिलं, तर अहवाल आल्यावर पहिला प्रश्न आपल्यालाच विचारला जाणार. नमुन्याआधी काही द्यावंच लागलं, अगदी उलटीचं इंजेक्शन असलं, तरी नाव आणि वेळ लिहायची.

तेवढ्यात ती टॉयलेटकडे निघाली. सिस्टर दारातच आडव्या झाल्या. "थांबा ताई, या डबीत करा. पहिल्या थेंबापासून सगळी. कोरडं करायला हा गॉज घ्या, पण टाकू नका, माझ्याकडे परत द्या."

इन्फेक्शन तपासताना आपण मधली धार मागतो. ती सवय इथे नडते. सगळी लघवी हवी, १०० मिलिलिटर मिळाली तर उत्तम. घरी आठ वाजता झालेली मात्र वाया गेली होती. जीएचबी हे पेयात मिसळलं जाणारं गुंगीचं औषध लघवीत साधारण १२ तासच सापडतं, रक्तात त्याहूनही कमी. शिवाय ते शरीरातही थोडं तयार होतं, म्हणून नुसतं 'सापडलं' म्हणून भागत नाही, प्रमाण मोजावं लागतं. पण बेन्झोडायझेपिन गटातल्या काही औषधांचे अवशेष कित्येक दिवस टिकतात, त्यामुळे पाचव्या दिवशी आलेल्या बाईचीही लघवी घ्यायची. 'आता उशीर झाला' म्हणून परत पाठवणं ही शुद्ध चूक.

रक्त करड्या टोपीच्या दोन नळ्यांत घेतलं. त्यातल्या सोडियम फ्लोराइडमुळे जंतू रक्त आंबवून नळीतच अल्कोहोल बनवू शकत नाहीत. नळी आठ-दहा वेळा हलकेच उलटीपालटी करायची, आणि कातडी स्पिरिटने पुसायची नाही. सकाळी अल्कोहोल शून्य आलं म्हणून रात्रीही नव्हतं असं होत नाही. १०० मिलिलिटर रक्तामागे ते तासाला १० ते २५ मिलिग्रॅम उतरतं.

या तपासणीची संमती वेगळी घेतली. तिने स्वतः काही घेतलं असेल तर तेही दिसेल, हे आधी सांगावंच लागतं. ती ॲलर्जीची गोळी घेत होती. नाव, वेळ लिहून घेतली.

मग वॉर्डातली, लघवीत औषधं झटपट तपासायची पट्टी. बेन्झोच्या खिडकीत फिकट रेघ उमटली, आणि रेघ कितीही फिकट असली तरी अर्थ निगेटिव्ह. ज्युनिअरने लिहिलं, 'औषध आढळले नाही.' ते एका रेघेने खोडून, सही आणि वेळ घालून मी लिहायला लावलं: 'पट्टीवरील गट निगेटिव्ह, नमुने प्रयोगशाळेकडे.' या पट्टीत जीएचबी नव्हतंच, केटामिन हे भुलीचं औषधही नव्हतं, आणि बेन्झो गटातल्याच क्लोनाझेपामचे अवशेष अशा बऱ्याच पट्ट्यांच्या हाती लागत नाहीत.

इमारतीच्या कॅमेऱ्यात ती स्वतःच्या पायांनी लिफ्टमध्ये शिरताना दिसली. "मग शुद्धीत होती की!" असं कुणीतरी म्हणालंच. या औषधांच्या अमलाखाली माणूस चालतो, बोलतो, दारही उघडतो. फक्त आठवण नोंदलीच जात नाही.

प्रयोगशाळेने एलसी-एमएस या अचूक तपासणी यंत्रावर लघवीत ७-अमिनोक्लोनाझेपाम, म्हणजे क्लोनाझेपामचा अवशेष, दाखवला. क्लोनाझेपाम तिला कुणीही कधी लिहून दिलेलं नव्हतं.

केसांतही औषध शोधता येतं, त्या तपासणीसाठी तिला चार आठवड्यांनंतरची तारीख दिली होती, तोवर केस कापू किंवा रंगवू नका असं बजावून. केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतो. त्या रात्रीचा भाग कातडीबाहेर यायला तेवढा वेळ लागतो. ती ठरल्या दिवशी आली. डोक्याच्या मागून पेन्सिलीच्या जाडीची बट कातडीलगत कापली, मुळाकडचं टोक दोऱ्याने बांधलं आणि पाकिटावर त्या टोकाकडे बाण काढला.